ल्युसिड ड्रीममध्ये शिरताना छातीत धडधडतं आणि झोपच उडते. शांत कसं राहायचं?

अंग बधिर होतं, कानात घूंऽऽ सुरू होतं, छाती धडधडायला लागते आणि तुम्ही टक्क जागे होता, असं तुम्ही लिहिलंय. ल्युसिड ड्रीम म्हणजे 'हे स्वप्न आहे' असं स्वप्नातच कळतं ते स्वप्न, आणि त्यात जागेपणातून थेट शिरायची ती 'वाइल्ड' पद्धत तुम्ही करताय. सगळ्या पद्धतींत हीच सर्वांत नखरेल. मी बरीच वर्षं अधूनमधून हा उद्योग करतो, त्यावरून सांगतो.

आधी वेळ बघा. रात्री अकराला अंथरुणाला पाठ टेकल्या टेकल्या करत असाल तर सोडून द्या. झोपेचं एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचं. सुरुवातीच्या आवर्तनांत गाढ झोप जास्त आणि स्वप्नांची, म्हणजे 'रेम' झोप अगदी थोडी. पहाटेकडे ती वाढत जाते. म्हणून पाचेक तास झोप काढून उठायचं, पाणी प्यायचं, मंद दिव्यात थोडा वेळ बसायचं (मोबाइलला हात न लावता) आणि परत आडवं व्हायचं. अकराला तासभर निपचित पडून पाठ आखडते आणि डोकं फिरतं. मग कसली शांतता!

आता धडधड. ती भीतीची असते असं आपण धरून चालतो, पण मला वाटतं बहुतेक वेळा ती उत्सुकतेची असते. 'आलं, आलं!' असं मनात झालं की संपलंच. आपण स्वतःच्या झोपेवर पहारा देत बसलेलो असतो, आणि त्यात 'शांत राहा, शांत राहा' असं बजावायला लागलो की आणखी एक पहारेकरी उभा राहतो. त्यापेक्षा मनाला एखादं रटाळ काम लावून द्या. मी श्वास सोडताना आकडे मोजतो, एक ते दहा आणि परत एक. मध्येच भानावर यावं तर गाडी सतरावर गेलेली असते. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, झोप जवळ आल्याची ती खूण आहे. आवाज वाढला, अंग तरंगल्यासारखं झालं, तरी तिकडे बघायला जायचं नाही. आकडा चालू. आणि आवंढा गिळावासा वाटला तर खुशाल गिळा, नाक खाजलं तर खाजवा. 'अजिबात हलायचं नाही' या नियमानं जेवढी झोप मोडते, तेवढी हलण्यानं मोडत नाही.

या उंबरठ्यावर काय काय होतं ते आधी माहीत असलं की निम्मी धास्ती जाते. मिटल्या डोळ्यांपुढे राखाडी ठिपके येतात, त्यांची नक्षी होते, मग क्षणभर एखादा चेहरा नाहीतर जिना दिसून जातो. मला बहुधा आवाज आधी येतात. स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी लावतंय, किंवा दारातून कुणी माझ्या नावानं हाक मारतंय, अगदी स्पष्ट. घरातले सगळे गाढ झोपलेले असतात. 'ओ' द्यायचा अनावर मोह होतो, आणि दिली की आपण जागे.

खरी घाबरगुंडी उडते ती शरीर लुळं पडल्याची जाणीव झाल्यावर. रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, म्हणजे स्वप्नात पळताना आपण खरोखर पळायला लागत नाही. हे रोजच घडतं, फक्त आपल्याला पत्ता नसतो. जागेपणी ते कळलं की त्यालाच स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात. आपल्याकडे म्हणतात छातीवर भूत बसलं, जपानात कानाशिबारी, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडात छातीवर म्हातारी बसते. छाती जड वाटते कारण आपण मुद्दाम मोठा श्वास ओढायला जातो आणि छातीचे स्नायू साथ देत नाहीत. पण श्वासपटल आपलं काम करतच असतं. म्हणून श्वास ओढू नका, चालू द्या. फारच भीती वाटली तर सगळं अंग हलवायची झटापट न करता फक्त बोटांची टोकं हलवायचा प्रयत्न करा.

डोळे मात्र त्या अवस्थेतही फिरतात. 1975 साली इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. अ‍ॅलन वर्स्ली या स्वप्न पाहणाऱ्यानं झोपेतूनच, ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून 'मी स्वप्नात आहे' असं कळवलं आणि यंत्रावर त्याची नोंद झाली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनीही तेच दाखवलं. एवढं भान शाबूत ठेवून माणूस झोपलेला राहू शकतो, हे मला तरी फार दिलासा देणारं वाटतं.

आत शिरल्यावर पुन्हा तीच परीक्षा. पहिल्याच मिनिटाला उडायला गेलात की हरखून जाग येते. आधी तळहात एकमेकांवर चोळा, भिंतीला हात लावा, पायाखालची फरशी नीट बघा. दृश्य पक्कं झालं की मग काय उडायचं ते उडा.

एवढं करूनही प्रत्येक वेळी जीव घाबरत असेल तर वाइल्डचा हट्ट कशाला? लाबर्ज यांचीच 'माइल्ड' पद्धत आहे. पहाटे जाग आली की नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यात 'हे स्वप्न आहे' असं आपल्याला कळतंय अशी कल्पना करायची, आणि 'पुढच्या स्वप्नात मला हे आठवेल' असं घोळवत झोपून जायचं. उंबरठ्यावर ताटकळावं लागत नाही. भित्र्या माणसाला हीच बरी, आणि त्या यादीत मीही आहे.

रोज मात्र करू नका, मोडलेली झोप दिवसा वसूल होते. पूर्वी कधी भास किंवा भ्रमाचा त्रास झाला असेल तर हा नाद नकोच. आणि काही न करताही वरचेवर अंग लुळं पडत असेल, दिवसा आवरता न येणारी झोप येत असेल, तर झोपेच्या डॉक्टरांना दाखवा.