वाचकांचे प्रश्न : ओढणारा आणि वळणारा कुत्रा

प्रश्न : आम्ही कॅनडातील कॅलगरी येथे राहतो. काही महिन्यांपूर्वी एका निवारा-संस्थेकडून आम्ही दीड वर्षाचा नर कुत्रा दत्तक घेतला. त्याची आई ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि बाप सायबेरियन हस्की. सकाळ-संध्याकाळ तासभर फिरवूनही तो दमत नाही; घरी आल्यावर उलट जास्तच धिंगाणा घालतो. अंगणात खड्डे खणतो, रस्त्यावर ससा दिसला की खांदा निखळेल इतक्या जोराने ओढतो. मुख्य काळजी अशी की आमची सहा वर्षांची मुलगी पळू लागली की तो तिच्या टाचांना दात लावतो. रक्त कधी आलेले नाही. सांगलीहून आलेल्या सासूबाईंच्या साडीचा काठही त्याने दोनदा धरला. त्या त्याला घाबरतात, तरी रोज चपाती मात्र आवर्जून घालतात. हा कुत्रा हिंस्र आहे का? त्याला परत करावे का?
— एक वाचक, कॅलगरी

उत्तर : आपण वर्णन केलेल्या वागण्यात मला हिंस्रपणा दिसत नाही, दिसते ते काम नसलेल्या कामकऱ्याचे वागणे. ऑस्ट्रेलियन शेफर्ड, नाव काहीही असले तरी, अमेरिकेच्या पश्चिम भागातील पशुपालकांनी घडवलेली जात आहे. कळपातून फुटलेल्या जनावराला घेरणे, आणि ते ऐकत नसेल तर टाचेला हलकासा चावा घेऊन पुन्हा कळपाकडे वळवणे, हे तिचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. आपल्याकडे धनगरांच्या वाड्यावरचा कुत्रा मेंढ्या वळत नाही. तो लांडग्यापासून त्यांची राखण करतो. त्यामुळे मेंढपाळाचा कुत्रा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राखणदार उभा राहतो आणि टाचेला दात लागला की आपण त्याला हल्ला समजतो. आपल्या कुत्र्याच्या दृष्टीने मात्र पळणारी मुलगी आणि साडीचा हलता काठ या दोन्ही कळप सोडून निघालेल्या वस्तू आहेत.

म्हणून हे चालू द्यावे, असा याचा अर्थ नाही. सवय जितकी मुरेल तितका दात घट्ट लागेल. मुलगी आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या देखरेखीविना एकत्र ठेवू नये. घरात त्याच्या पट्ट्याला दोन मीटरची हलकी दोरी लोंबती ठेवावी, म्हणजे हात न लावता त्याला बाजूला घेता येते; देखरेख नसताना ती काढावी. मुलीला एवढेच शिकवावे की तो मागे लागला तर ओरडायचे नाही, पळायचे नाही, हात छातीशी घेऊन झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे. हलणे थांबले की वळण्याजोगे काही उरत नाही. खरे शिक्षण मात्र त्याआधीच्या क्षणाचे आहे. दात लावण्यापूर्वी तो मान खाली घालतो, नजर रोखतो, अंग ताठ करतो. त्याच वेळी त्याला हाक मारून ठरलेल्या चटईवर बोलवावे आणि तिथे खाऊ द्यावा. मुलगी पळाली की चटईवर जायचे, ही सांगड पक्की होण्यास काही आठवडे लागतात. गुरगुर होऊ लागली, चाव्याने कातडी फाटली किंवा चटईवर बसूनही त्याची नजर मुलीवरून हटेना, तर वर्तनाचा विशेष अभ्यास असलेल्या पशुवैद्याकडे जाण्यात दिरंगाई करू नये.

आता त्याच्या बापाकडे वळू. हस्की हा ईशान्य सायबेरियातील चुक्ची लोकांनी हलके ओझे फार लांबवर नेण्यासाठी पोसलेला कुत्रा. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा त्यावरचे औषध कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी टप्प्याटप्प्याने सुमारे ६७४ मैल अंतर तोडून साडेपाच दिवसांत पोहोचवले. त्यातील सर्वांत लांब टप्पा लिओनार्ड सेपाला यांच्या सायबेरियन कुत्र्यांनी पार केला. अशा रक्ताला दोन तास चालवून थकवू पाहणे म्हणजे पैलवानाला रोज जोर काढायला लावून तो कधीतरी कंटाळेल, अशी आशा करण्यासारखे आहे. व्यायामाने त्याचा दम वाढतच जातो. म्हणून फिरण्याचे तास वाढवू नका. त्या तासांचे स्वरूप बदला.

ओढणे ही त्याची खोड आहे आणि तीच त्याची रोजीही आहे. तिला वेळ आणि साज ठरवून द्यावा. चालताना साधा पट्टा, ओढताना छाती-खांद्यांवर ताण विभागणारा ओढीचा साज, असा स्पष्ट भेद ठेवला तर हुशार कुत्रा तो लवकर ओळखतो. आपल्या कमरेचा पट्टा आणि त्याचा साज यांना लवचीक दोरीने जोडून पायवाटेवर धावता येते; बर्फ पडल्यावर स्कीवर उभे राहून त्याच्याकडून ओढून घेता येते. दीड वर्षाच्या वयात हे सुरू करण्यास हरकत नाही, पण आधी पशुवैद्याकडून त्याचे सांधे तपासून घ्यावेत आणि पारा १५ अंशांच्या वर असताना त्याला ओढायला लावू नये. घसरगाडीवाल्यांचे हुकूम पहिल्या दिवसापासून वापरावेत : उजवीकडे ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, थांबण्यासाठी ‘व्हो’, आणि वाटेतल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करून पुढे जाण्यासाठी ‘ऑन बाय’. कॅलगरीत रहिवासी वस्तीतही मोठे रानससे सर्रास हिंडतात, त्यामुळे या शेवटच्या हुकमाची आपल्याला सर्वाधिक गरज पडेल. गंमत अशी की बापाच्या रक्तातले ओढणे आणि आईच्या रक्तातले माणसाचे ऐकणे या एकाच खेळात एकत्र येतात, आणि दिशा ऐकत ओढण्याचा अर्धा तास त्याला नुसत्या तासाभराच्या फेरीपेक्षा अधिक तृप्त करतो.

कॅलगरीतील नोझ हिल टेकडीसारख्या मोकळ्या जागी त्याला सोडण्याचा मोह होईल. तो आवरावा. हस्कीच्या वंशाचा कुत्रा शिकारीच्या नादाला लागला की हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही, आणि त्या टेकडीवर कोल्ह्याच्या कुळातले कायोटही असतात. दहा मीटरची लांब दोरी पुरेशी आहे. खणण्यासाठी अंगणाचा एक कोपरा वाळू टाकून त्याला देऊन टाकावा, आणि कुंपणाच्या तळाशी जाळी पुरावी. खणणारा कुत्रा आज ना उद्या कुंपणाखालून जातोच. रोजच्या खाण्यापैकी काही भाग भांड्यात न देता गवतात किंवा बर्फात विखुरला तर नाकाला काम मिळते.

एवढे करूनही एक गोष्ट राहते, आणि घरोघरी नेमकी तीच राहून जाते : स्वस्थ बसणे. प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी बारा-चौदा तास झोप लागते. पण मेंढपाळी रक्ताचा कुत्रा घरातल्या प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवत ती झोप स्वतःच नाकारतो आणि मग तान्ह्या मुलासारखा किरकिरतो. फिरून आल्यावरचा आपण लिहिलेला धिंगाणा मला ऊर्जेपेक्षा अपुऱ्या झोपेचाच वाटतो. दुपारी त्याला येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, अंधाऱ्या खोलीत किंवा पिंजऱ्यात दोन-तीन तास विसावू द्यावे.

सासूबाईंना त्याच्याशी मैत्री करायची आहे हे चपातीवरून उघड आहे, आणि ती संधी सोडू नये. मात्र त्यांनी बसून, त्याला आधी बसायला सांगून, तळहातावर छोटा तुकडा द्यावा. पोटभर चपाती मात्र नको. काही हस्कींना जस्त नीट शोषता येत नाही, आणि धान्यातील फायटेट नावाचे द्रव्य हे शोषण आणखी कमी करते. मग डोळ्यांभोवती व तोंडाभोवती खपल्या धरतात. कांदा घातलेले आणि बेदाणे घातलेले काहीही त्याला देऊ नये. परत देण्याचा विचार, निदान एक हिवाळा तरी, बाजूला ठेवावा.

प्रश्न : आमची बॉर्डर कॉली आणि हस्की यांच्या संकराची कुत्री एकटी असते. सोबतीला दुसरा कुत्रा आणला तर ती शांत होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. पहिली शांत नसताना दुसरा आणला की दोघेही अशांत होतात. वर सांगितलेले ओढणे आणि विसावणे आधी हिला साधू द्या.

प्रश्न : पुण्यात आम्ही ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि हस्कीच्या संकराचे पिल्लू विकत घेतले, आता ते वर्षाचे आहे. उन्हाळ्यासाठी त्याचे केस पूर्ण काढावेत असे सलूनवाले म्हणतात. शिवाय त्याला गोचिडांचा फार त्रास आहे. शेजारी आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाचे इंजेक्शन सुचवतात.
— एक वाचक, पुणे

उत्तर : अशी पिल्ले आपल्या हवेत विकली जाऊ नयेत, हे माझे मत मी लपवत नाही, पण पिल्लू घरात आले आहे, तेव्हा पुढचे पाहू. केस काढू नयेत. वरचे लांब केस ऊन अडवतात आणि मुळापासून कापले तर कधीकधी नीट परत येत नाहीत. आतली मऊ लोकर मात्र रोज विंचरून काढावी, म्हणजे हवा खेळते. कुत्रा उष्णता घालवतो ती मुख्यतः धापा टाकून. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरचा चांगला उपयोग होतो. कोकणात गेलात तर दमट हवेत धापा टाकणेही अपुरे पडते, तिथे पंखा व थंड फरशी हवी. एप्रिल-मेमध्ये फिरणे उजाडण्यापूर्वी उरकावे, आणि दिवसाचे काम घरात नाकाने शोधण्याचे द्यावे. चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे दिसली तर अंगावर साधे पाणी ओतत आणि पंख्याचा वारा देत लगेच दवाखाना गाठावा.

आयव्हरमेक्टिनबाबत शेजाऱ्यांचे ऐकू नका. ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये सुमारे निम्म्या कुत्र्यांत एमडीआर१ नावाच्या जनुकाची सदोष प्रत आढळते. हे जनुक काही औषधांना मेंदूत शिरू देत नाही. ते सदोष असले तर आयव्हरमेक्टिनची खरजेसाठी दिली जाणारी मोठी मात्रा मेंदूपर्यंत पोहोचते आणि बुबुळे विस्फारणे, तोल जाणे, आंधळेपणा, बेशुद्धी इथपर्यंत मजल जाते. जुलाबावरची लोपेरामाइड ही गोळीही अशा कुत्र्याला धोक्याची. संकरात हा दोष आईबापांपैकी एकाकडून जरी आला तरी जोखीम राहते. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर याची जनुकीय तपासणी करता येते. तोवर गोचिडांसाठी दुसऱ्या गटातील औषध पशुवैद्याने वजन पाहून लिहून द्यावे. गोचिडांतून होणारा ताप आपल्याकडे नेहमीचा असल्याने उपचार टाळण्याचीही सोय नाही. तपासणीचा अहवाल कुत्र्याच्या लसीकरणाच्या वहीला पहिल्याच पानावर चिकटवून ठेवावा, म्हणजे रात्री-अपरात्री अनोळखी दवाखान्यात जावे लागले तरी इंजेक्शन भरण्यापूर्वी तो डॉक्टरांच्या नजरेस पडेल.