शब्दांची चौकशी : ‘नेश’

प्रश्न : इंग्लंडमधील नॉटिंगहॅम परिसरातील लोकांच्या बोलण्यात ‘नेश’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ काय आणि तो आला कोठून?

उत्तर : नॉटिंगहॅमशायर, डर्बीशायर, स्टॅफर्डशायर या भागांत, इतर सगळे नुसत्या सदऱ्यावर वावरत असताना जो कोट चढवून शेकोटीकडे सरकतो, त्याला चिडवण्याच्या सुरात नेश म्हणतात. अनेकांना हा एखाद्या शब्दाचा बिघडलेला उच्चार वाटतो. परंतु त्याचे कूळ फार जुने आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. प्राचीन इंग्रजीत तो ‘हनेशे’ असा होता आणि त्याचा अर्थ ‘मऊ’ असा होता. पुढे ‘हनुटु’ या जुन्या इंग्रजी शब्दाचे ‘नट’ (कठीण कवचाचे फळ) झाले, त्याच ओघात आरंभीचा हकार गळाला. चौथ्या शतकातील गॉथिक (इंग्रजीच्या नात्यातील एक लुप्त भाषा) बायबलमध्ये, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाविषयी बोलताना येशू ‘मऊ वस्त्रे’ ल्यालेल्या माणसाचा उल्लेख करतो, तेथे या शब्दाचे सख्खे भावंड आढळते. मऊवरून नाजूक आणि नाजूकवरून थंडी न सोसणारा, असा अर्थ आकसत गेला. प्रमाण इंग्रजीत त्याची जागा ‘सॉफ्ट’ने घेतली, मिडलंड्सच्या, म्हणजे इंग्लंडच्या या मध्य भागाच्या, बोलीने मात्र तो आजवर जपला, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.