व्हिक्टोरियन काळात एखाद्या कौंटी क्रिकेट क्लबचा हंगाम कसा असायचा?

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर या कौंटीचा (कौंटी म्हणजे तिथला जिल्हा) १८९५ चा हंगाम बघा, त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्या वर्षी कौंट्यांच्या चॅम्पियनशिप स्पर्धेत पाच नव्या कौंट्या आल्या आणि संघ १४ झाले. सामने तीन दिवसांचे, प्रवास रेल्वेचा. संघात हौशी आणि पैसे घेऊन खेळणारे असे दोन वर्ग, आणि हा भेद कटाक्षाने पाळला जाई.

कर्णधार होते डब्ल्यू. जी. ग्रेस. वय ४६, देह स्थूल. लोकांनी त्यांना मनातून निवृत्त करून टाकलं होतं. पण मे महिन्यात ब्रिस्टलला सॉमरसेटविरुद्ध त्यांनी २८८ धावा काढल्या आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये शंभर शतकं पूर्ण करणारे ते पहिले फलंदाज ठरले. मला मात्र त्याहून मोठा वाटतो तो पुढचा केंटविरुद्धचा ग्रेव्हसेंडचा सामना. केंटने पहिल्या डावात तब्बल ४७० केल्या. ग्रेस यांनी एकट्याने २५७ काढल्या, केंटचा दुसरा डाव ७६ वर आटोपला आणि विजयी पाठलागात ग्रेस पुन्हा नाबाद ७३! संपूर्ण सामन्यात ते एका चेंडूपुरतेही मैदानाबाहेर नव्हते. ३० मेपर्यंत त्यांच्या हजार धावा झाल्या होत्या.

नंतर अवघ्या १८ वर्षांच्या चार्ली टाउनसेंडने लेगस्पिनवर बळींची रास लावली. या पोराचं नाव फार कमी घेतलं जातं, याचं वाईट वाटतं. क्लब चौथा आला, सरे विजेता.

ग्रेस नावाला हौशी, तरी ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राने वाचकांकडून एकेक शिलिंग गोळा करून त्यांच्यासाठी ५,००० पौंडांहून जास्त निधी उभा केला.