घड्याळाचा आकडा किती मनावर घ्यायचा?

प्रश्न : पळताना मला फारसा दम लागत नाही, सोबतच्याशी गप्पा मारता येतात. तरी स्मार्टवॉच नाडी १७० ते १७५ दाखवते. हृदयात काही दोष असेल का?

उत्तर : आधी संशय घड्याळावर घ्या. घड्याळ नाडी थेट मोजत नाही, ते प्रकाश मोजते. मागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात, रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, आणि दर ठोक्याला परत येणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. हा बदल फार बारीक असतो. पळताना घड्याळ मनगटावर हिसके खाते आणि त्याचेही चढउतार सेन्सरला दिसतात. बहुतेकांची पळताना पावले मिनिटाला १६० ते १८० पडतात. म्हणजे तुमच्या घड्याळाने ठोक्यांऐवजी पावलेच पकडली असण्याची दाट शक्यता आहे.

ताडून पाहणे सोपे आहे. आकडा १७० च्या वर असताना थांबा, लगेच गळ्याच्या एका बाजूला दोन बोटे टेकवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. ३४ च्या आसपास ठोके भरले तर नाडी १३६; चूक घड्याळाची.

मग पट्ट्याकडे या. घड्याळ मनगटाच्या हाडावर नको, तिथून कोपराच्या दिशेने दोन बोटे वर हवे. घट्ट इतके की घड्याळ सरकवले तर खालची कातडीही सरकावी. व्यायाम संपला की एक भोक सैल करा. सेन्सरवरचा घामाचा आणि क्रीमचा थर ओल्या मऊ फडक्याने पुसा. थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पहिली दहा मिनिटे अंग तापेपर्यंत आकडा सोडूनच द्या. मनगटावर गडद गोंदण असेल तर शाई प्रकाश अडवते. दुसरा हात वापरा.

वजने उचलताना किंवा सायकलची मूठ आवळताना मनगट मुडपते, तिथे हे सगळे करूनही आकडा भरवशाचा राहत नाही. अशा वेळी छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. बांधण्यापूर्वी त्याच्या आतल्या, त्वचेला टेकणाऱ्या पट्ट्या पाण्याने ओल्या करायला विसरू नका. हाताने मोजूनही १७० च भरले आणि सोबत चक्कर किंवा छातीत दुखणे असेल, तर मात्र थेट डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : त्याच तासाला ट्रेडमिल ३१० कॅलरी म्हणते, घड्याळ ४५०. कोणाचे खरे धरून खायचे?

उत्तर : खाण्यासाठी कोणाचेच नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली. नाडी बहुतेकांना जमली, पण कॅलरीत सर्वात बरे उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले. तुमच्या दोन आकड्यांतला काही फरक हिशेबाचाही असू शकतो: एक आकडा 'एकूण' असेल, एक फक्त 'ॲक्टिव्ह', म्हणजे हालचालीपुरता. नुसते बसूनही शरीर तासाला किलोमागे साधारण एक कॅलरी जाळते, म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या ७० कॅलरी तिथेच आल्या. ॲपमध्ये वजन जुने तर नाही ना, तेही पाहा. आणि ट्रेडमिलची दांडी धरून चालत असाल तर यंत्राला ते कळत नाही. त्याच घड्याळाचा गेला आठवडा आणि हा आठवडा, एवढीच तुलना कामाची.

प्रश्न : मराठी मेसेज घड्याळावर कधी चौकोन, कधी तुटकी अक्षरे होऊन येतात. शिवाय सकाळी उठल्यावर नोटिफिकेशनच बंद झालेले असतात.

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. चौकोन म्हणजे घड्याळात देवनागरी फाँटच नाही. तुटकी अक्षरे म्हणजे फाँट आहे, पण अक्षरजुळणी नाही. 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी असते. दाखवताना वेलांटी क च्या डावीकडे आणावी लागते. हलक्या प्रणालीची घड्याळे हे काम टाळतात, म्हणून वेलांटी उलट्या बाजूला जाते आणि 'प्रश्न'चे पाय मोडतात. फर्मवेअर (घड्याळातली मूळ प्रणाली) अपडेट करून पाहा, भाषेच्या यादीत मराठी किंवा हिंदी असेल तर निवडून पाहा. तरीही नाही झाले तर तुमच्या हातात दुसरा उपाय नाही. नवे घड्याळ घेताना 'किल्ली, प्रश्न, ज्ञानेश्वर' असा मेसेज स्वतःलाच पाठवून बघावा. जाहिरातीतल्या 'भारतीय भाषां'पेक्षा ही परीक्षा खरी.

नोटिफिकेशन बंद पडतात ते बहुधा फोनमुळे. बॅटरी वाचवायला अँड्रॉइड रात्री घड्याळाचे ॲप मारून टाकतो. सेटिंग्ज, ॲप्स, घड्याळाचे ॲप, बॅटरी असे जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. मग नोटिफिकेशन ॲक्सेस एकदा बंद करून पुन्हा चालू करा. घड्याळाचा झोपेचा मोड सकाळी आपोआप उतरतो की नाही, तेही बघा.

प्रश्न : खोक्यावर 'कॉलिंग' लिहिले आहे. फोन घरी ठेवून फिरायला गेले तर चालेल?

उत्तर : 'ब्लूटूथ कॉलिंग' असेल तर नाही. त्यात घड्याळ हा फोनचा फक्त माइक आणि स्पीकर असतो; फोन दहाएक मीटरच्या आत हवा, मध्ये भिंती असतील तर आणखी जवळ. फोनशिवाय बोलायचे तर ई-सिमचे, एलटीईचे, म्हणजे स्वतःचे मोबाइल नेटवर्क असलेले मॉडेल लागते. पडल्यावर आपोआप मदत बोलावणारी सोयही सहसा फोन जवळ असेल किंवा घड्याळाला स्वतःचे नेटवर्क असेल तरच चालते, आणि ज्येष्ठांसाठी घड्याळ घेताना नेमके हेच विचारायचे राहते.

प्रश्न : सुई न टोचता साखर दाखवणारे घड्याळ घ्यावे का?

उत्तर : नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने) फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नका असा स्पष्ट इशारा दिला. स्वतः साखर मोजणाऱ्या अशा एकाही उपकरणाला तिने मान्यता दिली नव्हती. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर जिवावर बेतू शकते. दंडावर चिकटवलेल्या सेन्सरचे आकडे घड्याळावर दिसणे ही वेगळी गोष्ट, तिथे मोजणारा तो सेन्सर असतो. ईसीजीचेही लक्षात ठेवा: घड्याळ अनियमित ठोके पकडू शकते, हार्ट अटॅक नाही. छातीत दुखत असताना घड्याळाने 'सर्व ठीक' म्हटले तरी रुग्णालय गाठा.