हप्ता निघाला, पण गेला कुठल्या खात्यात?

केंद्राच्या पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,०००, दोन्ही दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. कोरडवाहू शेतकऱ्याचं बियाणं या पैशांतून येतं. या वेळची निवडक पत्रं.

बँकेत आधार लिंक आहे म्हणतात, ई-केवायसीही झाली. तरी पासबुकात हप्ता नाही.

सगळ्यात जास्त पत्रं याचीच येतात. बँकेत आधार नोंदवलं म्हणजे पैसे त्याच खात्यात येतील असं नाही. सरकार पैसे आधार क्रमांकावर पाठवतं आणि तो क्रमांक एका वेळी एकाच बँकेला जोडलेला असतो. शेवटी जी बँक जोडली, पैसे तिकडे जातात. गेल्या महिन्यात एक मावशी पिशवीत तीन पासबुकं घेऊन आल्या. तिन्ही कोरी. हप्ते पडत होते चौथ्या खात्यात, सिमकार्ड घेताना अंगठा देऊन उघडलेल्या. खातं उघडलंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय याची, स्थिती पाहा, बँकेचं नाव तिथे दिसतं. ते बदलायचं तर हव्या त्या बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’चा, म्हणजे सरकारी पैसे थेट याच खात्यात यावेत असा, अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं ‘लिंक करा’ म्हणू नका.

मालक गेले. जमीन त्यांच्याच नावावर आहे. मला हप्ता मिळेल का?

मिळू शकतो ताई, पण आधी वारस फेरफार करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज करा. तीन महिन्यांत खबर द्यावी असा कायदा आहे, उशीर झाला असला तरी अर्ज कराच. एक विनवणी: ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून एकट्या थोरल्या मुलाचं नाव लावू देऊ नका. सातबाऱ्यावर तुमचं नाव नसेल तर योजनेत तुम्ही नाहीच. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेली जमीन योजनेत धरत नाहीत, वारसाहक्काची धरतात. मालकांच्या मागे त्यांच्या नावावर हप्ता पडला असेल तर खर्चू नका, परत मागतात.

मुलगा पुण्यात नोकरीला, आयकर भरतो. माझा हप्ता बंद होईल?

नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं. तो सज्ञान आहे.

दहा वर्षं बटईनं तीन एकर कसतो. आम्हाला काहीच का नाही?

कारण योजना सातबारा पाहते, घाम पाहत नाही. मला हे मुळीच पटत नाही. पेरणीची जोखीम तुमची आणि हप्ता मालकाला, ही या योजनेतली सगळ्यात मोठी उणीव आहे. आज हाताशी आहे तो पीक विमा. त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालकाला विश्वासात घ्या, करारानं जमिनीची मालकी जात नाही हे समजावून सांगा, आणि पेरणीआधीच दुय्यम निबंधकाकडे जाऊन या.