आधी कोमेजेल ते आधी शिजवा

प्रश्न : काकू, आम्ही घरात चौघं. मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. दोघंही नोकरीला, घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. किराणा-भाजीचा खर्च आटोक्यात यावा म्हणून आठवड्याचा तक्ता करून फ्रिजवर लावला, त्याबरहुकूम सामान आणलं. पण खर्च उलट वाढला! शुक्रवारी फ्रिज उघडला की अर्धी मेथी काळी पडलेली असते आणि आम्ही बाहेरून मागवतो. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असले तक्ते नव्हते. तक्त्याची प्रत सोबत पाठवते आहे. काय चुकतंय?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : तक्ता पाठवलात ते बरं झालं, नाहीतर मी उगाच भलतंच सांगत बसले असते. सोमवारी पनीर बटर मसाला, मंगळवारी राजमा, बुधवारी व्हेज पुलाव, गुरुवारी मेथी मटर मलई, शुक्रवारी भरली वांगी. हा हॉटेलच्या मेनूकार्डासारखा तक्ता आहे. प्रत्येक वाराचं सामान वेगळं, आणि एका वारचं उरलेलं दुसऱ्या वारी कामाला येत नाही. मलईसाठी क्रीमचं पाकीट फोडायचं, त्यातलं थोडंसं वापरायचं आणि उरलेलं फ्रिजच्या दारात ठेवून विसरायचं. खर्च वाढणारच.

शिवाय मेथी गुरुवारी! रविवारी आणलेली मेथी गुरुवारपर्यंत कशी टिकायची?

नारायण पेठेत मी बरीच वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं. तिथे हिशोब बरोबर उलटा असायचा. मंडईत काय ताजं आणि स्वस्त मिळालं ते आधी बघायचं, आणि मग त्यातलं जे आधी कोमेजेल त्याला पहिला वार द्यायचा. पदार्थाचं नाव सगळ्यात शेवटी. तुमच्या घराला हेच लावून बघू.

बाजार रविवारी सकाळी करता असं धरते. पालेभाजी रविवारी रात्री किंवा सोमवारी संपली पाहिजे, यात सूट नाही. मंगळवारी भेंडी किंवा गवार. बुधवारी मटकीची उसळ, म्हणजे मधल्या दिवशी भाजीवर भारच नको. रविवारी रात्री दोन वाट्या मटकी भिजत घाला, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. थंडीचे दिवस नसतील तर मंगळवारी रात्रीपर्यंत चांगले मोड येतात. त्या दोन वाट्यांच्या पाच-सहा वाट्या होतात. रात्रीची उसळ होऊन मुलाच्या डब्याला मिसळही निघेल. गुरुवारी कोबी किंवा फ्लॉवर-बटाटा, शनिवारी दुधी नाहीतर लाल भोपळा. ही मंडळी आठवडाभर वाट बघू शकतात. अख्खा भोपळा तर कित्येक आठवडे राहतो, चिरल्यावर मात्र त्याला घाई असते.

शुक्रवार मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तुमची खरी गळती तिथे आहे. आठवडाभर लोकल करून आलेल्या माणसाकडून भरल्या वांग्यांची अपेक्षा करू नये. त्या वारापुढे भाजी लिहूच नका. पिठलं-भाकरी, नाहीतर मुगाच्या डाळीची खिचडी, कढी, पापड. डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावला की कपडे बदलून होईपर्यंत जेवण तयार. तूप-पापड धरूनही चौघांची खिचडी १०० रुपयांच्या आत होते. बाहेरून मागवलंत तर चौघांचे ५००-६०० कुठे गेले कळत नाही. महिन्यातले चारही शुक्रवार नाही जमणार. दोन जमले तरी फरक दिसेल. आणि आठवड्यात जे काही वाटीभर उरलं असेल, ते शुक्रवारी ताटात आलंच पाहिजे. बुधवारची उसळ उरली असेल तर तीच खिचडीत घाला, चव बिघडत नाही.

आता ती काळी मेथी. गड्डी घरी आली की पहिल्यांदा दोरा सोडायचा. भाजीवाले दिवसभर पाणी मारत असतात, ते पाणी बांधलेल्या जागी साठतं आणि सडायला तिथूनच सुरुवात होते. धुवायची नाही. मोकळी करून तासभर पंख्याखाली पसरा, मग निवडून सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. शिजवायच्या वेळी धुवा. कोथिंबिरीचंही तेच. तिच्या कोवळ्या काड्या फेकत असाल तर थांबा. हिरव्या वाटणाला खरा वास काड्यांचाच असतो. मुळ्याचा पाला मूगडाळ घालून परता, फ्लॉवरचे कोवळे दांडे बारीक चिरून त्याच भाजीत घाला. पैसे त्यांचेही मोजलेले असतात.

तुमच्याकडे स्टेशनबाहेर निवडलेली, चिरलेली भाजी मिळते. किलोच्या हिशोबाने ती महाग पडते, म्हणून बऱ्याच जणी ती घेताना अपराधी चेहरा करतात. मला ते पटत नाही. निवडायला कुणी नाही म्हणून कचऱ्यात जाणाऱ्या स्वस्त गवारीपेक्षा एका वेळेची चिरलेली गवार स्वस्तच. फक्त घरी नेऊन स्वच्छ धुवा आणि त्याच रात्री संपवा.

मोबाइलवरून दहा मिनिटांत येणाऱ्या सामानाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते येत असणार. एक कोथिंबीर हवी असते, पोचवायचा आकार वाचावा म्हणून वर चिप्स आणि बिस्किटं चढतात. फ्रिजवर एक कोरा कागद लावा आणि काही संपलं की त्यावर लिहा. रविवारपर्यंत ज्याच्यावाचून अडलं नाही, ते आणीबाणीचं नव्हतंच. याच कागदाच्या मागच्या बाजूला जे फेकलं ते किमतीसकट लिहायचं: अर्धी मेथी १५ रुपये, क्रीम ४० रुपये. लिहिताना लाज वाटते, म्हणूनच उपयोग होतो. खर्चाची वही नाही ठेवलीत तरी चालेल, हे मात्र लिहाच.

वाण्याकडच्या पुड्यांबद्दल एक. किमतीच्या जोडीला आता एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर छापलेला असतो. तो वाचायची सवय लावा. तेलाची पिशवी लिटरचीच असते असं समजून आपण उचलतो. काही पिशव्या त्याहून कमीच्या निघतात आणि 'स्वस्त' दिसतात.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या वेळी उपवासाचे वार, सामिष खायचे वार, बाजाराचा वार, सगळं ठरलेलं होतं. तो तक्ताच होता, फक्त भिंतीवर लावायची गरज नव्हती. पुढच्या आठवड्याची आखणी त्यांना शेजारी बसवून, कॅलेंडर समोर ठेवून करा. चतुर्थी, एकादशी आधी लिहा. त्या दिवशी त्यांच्यासाठी साबुदाणा भिजवणार असाल तर सगळ्यांनाच खिचडी करा, दोन स्वयंपाक कशाला? मटकी बांधायचं खातं त्यांच्याकडेच द्या. आवडलं तर दुधी निवडायचंसुद्धा.

प्रश्न : आम्ही दोघंच, दोघंही सत्तरीच्या घरातले. पूर्वी उन्हाळ्यात वर्षाचं धान्य आणि कांदे भरायचो. आता फ्लॅटमध्ये ते परवडतं का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : गहू नका भरू. दोन माणसांनाही वर्षाचा म्हणजे पोत्यांचा मामला होतो. वाळवायला गच्ची नाही, उचलायला माणूस नाही. तीन-चार महिन्यांचा लोकवन घ्या, कडक ऊन दाखवून डब्यात कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासकट ठेवा. डाळी महिन्याच्या महिन्यालाच.

कांदा मात्र जरूर भरा. एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळ कांदा टिकतो, पावसाळ्यानंतरचा लाल कांदा टिकत नाही. शेतकऱ्यांनी कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवणीच्या मांडवात, ठेवलेला कांदा संपत येतो आणि नवा लाल अजून पुरेसा आलेला नसतो, अशा सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमाराला बहुतेक वर्षी भाव चढतो. दोघांना १०-१२ किलो पुष्कळ; साठवणीत वजन घटतं, काही सडतातही, त्यामुळे हावरेपणा नको. घेताना मान बघा. बारीक, सुकून मिटलेली हवी. जाड मानेचा, डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा आलेला किंवा जोडकांदा स्वस्त दिला तरी साठवणीला घेऊ नका. बाल्कनीत ऊन-पाऊस लागणार नाही अशा जागी जाळीच्या टोपलीत पातळ पसरा आणि आठवड्यातून एकदा हात फिरवून नरम पडलेले काढा. बटाटे त्या टोपलीत नकोत, ते अंधारात वेगळे ठेवा.