स्पर्धेआधी घरी काय करून घ्यावं?

प्रश्न: ताई, माझी लेक दुसरीत आहे. जूनपासून जिम्नॅस्टिक्सला जाते. पुढच्या महिन्यात घोडबंदर रोडला दोन-तीन क्लबांतल्या लहान मुलांची छोटीशी स्पर्धा ठेवली आहे, फक्त फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) आणि लो बीम (तोल सांभाळत चालायची बुटकी, अरुंद तुळई). घरी ती सोफ्यावरून गादीवर कोलांट्या मारत असते. पण परवा वर्गात सगळ्यांसमोर करायला सांगितलं, तर मधेच विसरली आणि रडत माझ्याकडे पळत आली. घरी सराव कसा घ्यावा? शिवाय सासूबाई म्हणतात, या खेळानं मुलींची उंची खुंटते.
– एक आई, वर्तकनगर, ठाणे

उत्तर: आधी त्या सोफ्यावरच्या कोलांट्या बंद करा. गादी दबते, मान वाकडी पडते आणि मग ती खोड मोडण्यात आमचे दिवस जातात. कोलांटी, कार्टव्हील (हातांवर कडेनं चाकासारखं फिरणं) हे तिच्या सरांवर किंवा मॅडमवर सोडा. तुम्ही घरी घ्यायचं ते बाकीचं. नाव पुकारलं की एकटीनं पुढे जायचं, परीक्षकांकडे बघून दोन्ही हात वर करायचे, त्यांची मान हलली की सुरुवात. संपल्यावर पाय जुळवून पुन्हा हात वर. परीक्षक व्हा तुम्ही, खुर्चीत बसा, आणि मुद्दाम थोडा वेळ तिच्याकडे बघूच नका. स्पर्धेत तशी वाट बघावी लागते आणि पोरं रडतात ती बहुतेक तेव्हाच.

विसरण्याचं म्हणाल, तर रोज पहिल्यापासून करून घेतलेलं मधे तुटलं की पुढचं सापडत नाही. म्हणून तिला उड्या न मारता, नुसतं चालत आणि हातांनी खुणा करत सगळं रूटीन, म्हणजे कसरतींचा ठरलेला क्रम, करू द्या. मधेच थांबवा, पाणी प्यायला लावा आणि विचारा, ‘आता काय?’ तिथून पुढे जमलं की झालं.

बीमची रुंदी 10 सेंटिमीटर, लांबी 5 मीटर. मोठ्यांचा बीम 125 सेंटिमीटर उंच असतो, तिचा जमिनीलगत असेल. फरशीवर तेवढ्या रुंदीच्या दोन चिकटपट्ट्या लावा. आपल्या हॉलमध्ये 5 मीटर कुठून आणणार? 3 चालतील. नजर पायांवर नको, पट्टीच्या टोकावर. आणि पडण्याचा सरावही घ्या: पट्टीबाहेर पाय गेला, एक श्वास, परत पट्टीवर, हात वर, पुढे. मोठ्या स्पर्धांत बीमवरून पडल्याचा 1 गुण जातो, गुडघा वाकला तर 0.1 पासून वजावट सुरू होते. छोट्या स्पर्धांचे नियम सैल असतात, पण पडून परत चढणारीचं नुकसान थोडं आणि निघून जाणारीचं उरलेलं सगळंच, हे तिथेही खरं. दीपा कर्माकरचं रिओतलं पदक 2016 मध्ये 0.15 गुणांनी हुकलं, हे मला पालक हटकून ऐकवतात. अहो, तो हिशेब ऑलिंपिकचा. दुसरीतल्या मुलीच्या आईनं गुणांचा कागद पर्समध्ये ठेवून द्यावा.

लिओटार्ड (जिम्नॅस्टिक्सचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) नवा असेल तर आधी धुऊन वर्गात एक-दोनदा घालू द्या, नाहीतर शिवण टोचते आणि सगळं लक्ष तिथे. अंबाडा मानेवर नको, कोलांटीत रुततो. घट्ट वेणी घाला. डूल, पैंजण, पायातला काळा दोरा, सगळं घरी. (दोऱ्यावरून आज्या माझ्याशी भांडतात. भांडू देत.) दोन-अडीच तास आधी पोहे किंवा पोळी-भाजी, नंतर भूक लागलीच तर अर्धं केळं.

तुम्ही प्रेक्षकांत बसून ‘पाय सरळ!’ ओरडू नका. आईचा आवाज आला की मूल मान वळवतं आणि बीमवर मान वळली की तोल गेला.

सासूबाईंना सांगा, बुटक्या अंगाला हवेत गिरकी घेणं सोपं जातं, म्हणून वरच्या पातळीवर तशाच मुली टिकतात आणि आपल्याला वाटतं खेळानं बुटक्या झाल्या. आठवड्यातल्या थोड्या तासांच्या सरावानं उंची खुंटत नाही. त्यांनाही घेऊन या.

आणि घोडबंदर रोडवर रविवारीसुद्धा विसंबू नका, तासभर आधीच निघा. वॉर्म-अप चुकवून आलेल्या मुलीला मी तरी बीमवर चढू देत नाही.